उन्हाळ्यातली उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीच्या दिवसांपुरताच उरला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत त्याचा अर्थ निराळा होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांच्या दप्तरांत किंवा इकडे मामलेदार कचेरीत जो तरुण बिनपगारी राबे, दप्तराचे रुमाल बांधी, नकला उतरून काढी आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही, तो उमेदवार. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात असा एखादा पूर्वज असेलच. शब्दात 'उमेद' होती, पण हाती काम असे ते दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाची प्रत काढण्याचे. स्वतःचे डोके चालवण्याची मुभा उमेदवाराला नसे, आणि कोणी चालवलेच तर वरिष्ठांची खप्पामर्जी ठरलेली.

मला येथे सांगायची आहे ती दोन वेगळ्या उमेदवारांची हकीकत. ती घडली १९६०च्या दशकात, अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या पॅसाडेना या गावी. एका सरकारी अंतराळ प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी निरनिराळ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत नोकरीला लागले. दोघांनाही काम मिळाले ते नवशिक्याला द्यावे तसले, कागद-पेन्सिलीचे. त्या कामातून 'व्हॉयेजर' यानांचा मार्ग निघाला. आज ती दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीतून चालली आहेत. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू त्यांच्याइतकी दूर गेलेली नाही.

या यानांशी आपले नाते आहे. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे आणि कानडीही आहे. इथे आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात, तशाच त्या तेथेही नांदत आहेत. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी उडाले आणि केसरबाईंनी १६ सप्टेंबरला देह ठेवला. त्यांचा स्वर तेवढ्यात पृथ्वी सोडून गेलेला होता. ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे. पण तो स्वर ज्या वाटेने गेला ती वाट कोणी शोधली, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

पोरांनी सुरू केलेली प्रयोगशाळा

पॅसाडेनाच्या या संस्थेचे नाव 'जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी'. तिचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांच्या उचापतीतून झाला. फ्रँक मलिना हा कॅल्टेक या प्रसिद्ध शिक्षणसंस्थेतला संशोधक विद्यार्थी. त्याने आणि त्याच्या मित्रांनी ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी गावाबाहेरच्या एका कोरड्या ओढ्यात अग्निबाणाच्या इंजिनाची चाचणी घेतली. त्या काळी अग्निबाण म्हणजे पोरखेळ किंवा कादंबरीतला विषय. थोर विमानशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान हे मलिनाचे मार्गदर्शक होते. त्यांनी या पोरांना हाकलून दिले नाही, उलट त्यांची पाठराखण केली. पुढे युद्ध आले, सैन्याचा पैसा आला आणि ओढ्याकाठच्या त्या जागी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने ३१ जानेवारी १९५८ रोजी आपला पहिला उपग्रह 'एक्सप्लोरर' सोडला, तो याच प्रयोगशाळेने बनवलेला होता. त्याच वर्षी नासा ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि वर्ष संपण्याच्या आत ही प्रयोगशाळा तिच्याकडे गेली. मालकी सरकारची आणि कारभार कॅल्टेकचा, अशी तिची व्यवस्था तेव्हापासून आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांना जून ते ऑगस्ट अशी लांब सुट्टी असते. या सुट्टीत मुलाने चार पैसे मिळवावेत, ही तिथली रीत. कोणी हॉटेलात बशा धुतो, कोणी शेतावर जातो. स्पुटनिकच्या धक्क्यानंतर सरकारी प्रयोगशाळांना गणित आणि विज्ञान जाणणारी तरुण माणसे हवी होती, आणि उन्हाळ्यात ती मोकळी असत. तेव्हा त्यांना तीन महिने पगारावर घ्यावे, काही काम सोपवावे आणि चांगली निघाली तर पुढे ठेवून घ्यावे, असा हा व्यवहार होता. त्यात परोपकार नव्हता. पण आपल्या कचेरीतल्या उमेदवारीहून तो दोन बाबतींत वेगळा होता. एक तर पगार मिळे. दुसरे म्हणजे, जे काम दिले जाई त्याचे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नसे.

पहिला उन्हाळा : १९६१

२५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात मायकेल मिनोविच हा विद्यार्थी पॅसाडेनाला उन्हाळी कामावर रुजू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तो गणिताचे उच्च शिक्षण घेत होता. यानांचे मार्ग आखणाऱ्या गटात त्याला घेतले गेले. व्हिक्टर क्लार्क हे त्याचे वरिष्ठ. एका ग्रहावरून निघून ठरलेल्या दिवशी दुसऱ्या ग्रहापाशी पोचणारा मार्ग गणिताने कसा काढावा, याची पद्धत सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले.

त्या वेळची अडचण थोडक्यात सांगतो. दूरच्या ग्रहाकडे कमीत कमी इंधनात जाण्याचा मार्ग वॉल्टर होहमान या जर्मन अभियंत्याने १९२५मध्येच दाखवून दिला होता. पण त्या मार्गाने नेपच्यूनला जायला सुमारे तीस वर्षे लागतात. ज्याने यान सोडले तो निवृत्त होईल तेव्हा कुठे यान पोचणार, आणि तीस वर्षे चालेल असे यंत्र तेव्हा कोणी बनवलेले नव्हते. लवकर पोचायचे तर प्रचंड अग्निबाण हवा. म्हणून बाहेरचे ग्रह म्हणजे पुढल्या पिढ्यांचे काम, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

ग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा मार्ग वाकतो, हे सर्वांना माहीत होते. पण मार्ग आखणारे लोक या वाकण्याकडे उपद्रव म्हणून पाहत. त्यामुळे यान भरकटेल, म्हणून त्याची दुरुस्ती करायची, एवढाच विचार. मिनोविचने प्रश्न उलटा धरला. हे वाकणे टाळण्याऐवजी आपण वापरले तर? एका ग्रहाने वळवलेले यान नेमके दुसऱ्या ग्रहाकडे जाईल, दुसरा त्याला तिसऱ्याकडे पाठवील, आणि हे सगळे इंधन न जाळता. ऑगस्ट १९६१मध्ये, सुट्टी संपण्याच्या सुमारास, त्याने हे गणित एका टिपणात मांडले.

यात वेग फुकट कसा मिळतो, असे कोणीही विचारील. आपल्या भागातले उदाहरण घ्या. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर साखर कारखान्याकडे चाललेले असतात. सायकलवरचा एखादा धाडसी पोरगा मागून येतो, ट्रॉलीच्या साखळीला हात घालतो आणि पायडल न मारता चढ चढून जातो. मग योग्य वळणावर हात सोडतो. पोराला वेग मिळाला तो ट्रॅक्टरकडून. ट्रॅक्टरचा वेग त्याने अगदी नखभर कमी झाला, पण चालकाला त्याचा पत्ताही लागला नाही. गुरू हा असाच अजस्र ट्रॅक्टर आहे. तो सूर्याभोवती सेकंदाला सुमारे तेरा किलोमीटर वेगाने चालला आहे आणि त्याची साखळी म्हणजे गुरुत्वाकर्षण. यान त्याच्या मागच्या बाजूने नेमक्या अंतरावरून गेले, तर तो त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि पुढे भिरकावून देतो. यानाने जे मिळवले ते गुरूने गमावले, हिशेब चोख राहतो. अंतर किंवा वेळ थोडी चुकली, तर मात्र यान भलतीकडेच जाते. म्हणून खरी करामत आहे ती गणिताची.

हे गणित हाताने करण्यासारखे नव्हते. सूर्य, ग्रह आणि यान अशा तिघांचा एकमेकांवर परिणाम होतो, तेव्हा सुटसुटीत सूत्र निघत नाही. पायरीपायरीने आकडे काढत जावे लागते. त्या काळातल्या अतिवेगवान संगणकांपैकी एक म्हणजे आयबीएम ७०९०. एक अख्खी खोली व्यापणारा, लाखो डॉलर किमतीचा, आणि त्यावर वेळ मिळवण्यासाठी मोठमोठ्या प्राध्यापकांची रांग. मिनोविचने आपल्या विद्यापीठातल्या अशा यंत्रावर वेळ मिळवला. १९६२च्या उन्हाळ्यात तो पुन्हा पॅसाडेनाला कामावर आला. तेथे त्याला ग्रहांच्या स्थितीची अधिक अचूक आकडेवारी मिळाली, आणि कागदावरची कल्पना खऱ्या ग्रहांना लागू पडते हे दिसून आले. त्याच्या म्हणण्यावर वरिष्ठांचा लगेच विश्वास बसला होता असे नाही. पण त्यांनी यंत्र बंद केले नाही, आकडेवारी अडवून ठेवली नाही. पुढल्या काही वर्षांत त्याने शेकडो मार्ग काढले आणि १९६३मध्ये त्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला.

दुसरा उन्हाळा : १९६५

अहवाल निघाला म्हणजे तो वाचला जातोच असे नाही. शेकडो मार्गांच्या आकड्यांत कोणता मार्ग चालायचा, हे सांगणारा कोणीतरी लागतो. तो चार वर्षांनी आला. गॅरी फ्लँड्रो हा कॅल्टेकमध्ये डॉक्टरेट करणारा विद्यार्थी. १९६५च्या उन्हाळ्यात जो कटिंग या वरिष्ठांनी त्याला बाहेरच्या ग्रहांकडे जाण्याच्या शक्यता तपासायला सांगितले. त्या वेळी प्रयोगशाळेचे सारे लक्ष चंद्र, शुक्र आणि मंगळ यांवर होते. १५ जुलै १९६५ रोजी 'मरिनर ४' मंगळाजवळून गेले आणि त्याने तिथली पहिली छायाचित्रे पाठवली. अशा धामधुमीत गुरूच्या पलीकडचा विषय एखाद्या उन्हाळी मुलाच्या अंगावर टाकणे सोयीचेच होते.

फ्लँड्रोने पंचांगकर्त्याने करावे तसे काम केले. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून कोणत्या साली आकाशात कोणत्या दिशेला असतील, हे त्याने आलेखावर मांडले. चार रेषा आपापल्या चालीने चालल्या होत्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकात त्या एकमेकींच्या जवळ येत होत्या. म्हणजे हे चारही ग्रह सूर्याच्या एकाच बाजूला, एकापुढे एक, पायऱ्यांसारखे येणार होते. १९७७च्या सुमारास यान सोडले, तर गुरू त्याला शनीकडे, शनी युरेनसकडे आणि युरेनस नेपच्यूनकडे पाठवील. तीस वर्षांचा प्रवास बारा वर्षांच्या आसपास येईल. असा योग सुमारे १७५ वर्षांतून एकदाच येतो. याआधीचा योग आला तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते आणि नेपच्यूनचा शोधही लागलेला नव्हता. ही वेळ हुकली असती, तर पुढची संधी बाविसाव्या शतकात.

फ्लँड्रोचा लेख १९६६मध्ये छापून आला आणि या प्रवासाला 'ग्रँड टूर' असे नाव पडले. नासाने मोठी योजना आखली. पण व्हिएतनामचे युद्ध, चंद्रमोहिमांचा खर्च आणि आटत चाललेले अंदाजपत्रक यांत ती परवडेना. १९७२ उजाडता उजाडता ती गुंडाळण्यात आली. तिच्या जागी मंजूर झाली ती फक्त गुरू आणि शनी पाहणारी, स्वस्तातली दोन यानांची योजना. तीच व्हॉयेजर. मात्र पॅसाडेनाच्या अभियंत्यांनी दुसऱ्या यानाचा मार्ग असा आखला की शनीनंतरही पुढची वाट मोकळी राहावी. मंजुरी दोन ग्रहांची, पण तयारी चारांची!

पुढचा इतिहास तारखांनीच सांगतो. व्हॉयेजर २ निघाले २० ऑगस्ट १९७७ रोजी. ते गुरूपाशी जुलै १९७९मध्ये, शनीपाशी ऑगस्ट १९८१मध्ये, युरेनसपाशी २४ जानेवारी १९८६ रोजी आणि नेपच्यूनपाशी २५ ऑगस्ट १९८९ रोजी पोचले. शेवटच्या दोन ग्रहांना आजवर भेट दिलेले ते एकमेव यान आहे. त्याचा जोडीदार व्हॉयेजर १ शनीच्या टायटन या चंद्राजवळून गेला आणि ग्रहांची पातळी सोडून वर निघाला. २०१२मध्ये त्याने सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली, २०१८मध्ये व्हॉयेजर २नेही. २०२५मध्ये व्हॉयेजर १ आपल्यापासून सुमारे पंचवीस अब्ज किलोमीटरवर होते. तिथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने येऊनही पृथ्वीवर पोचायला तेवीस तासांहून अधिक वेळ लागत होता.

श्रेय कोणाचे?

इतिहास सांगायचा तर अप्रिय भागही सांगितला पाहिजे. मिनोविचला आपल्या कामाचे पुरते श्रेय मिळाले नाही, असे वाटत राहिले आणि त्यासाठी तो पुढे अनेक दशके भांडत राहिला. त्याच्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. ग्रहामुळे मार्ग बदलतो, वेग बदलतो, हे ज्योतिर्विदांना जुनेच ठाऊक होते. लेक्सेलचा धूमकेतू १७७०मध्ये पृथ्वीजवळून गेला, आणि १७७९मध्ये गुरूने त्याला असा फेकला की तो पुन्हा दिसलाच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांनी यावर सिद्धान्त रचले. विसाव्या शतकात रशियातल्या आणि इटलीतल्या लेखकांनी यानांच्या संदर्भात ही कल्पना मांडली होती. १९५९मध्ये रशियाच्या 'लुना ३'ने चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून आपला मार्ग वळवला होता.

मग मिनोविचने केले काय? माझ्या मते, फरक आहे तो 'असे होते' आणि 'असे करता येईल' या दोन वाक्यांतला. नदीला पूर येतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते. पाटबंधारा कुठे घालावा याचे मोजमाप करणारा वेगळा. मिनोविचने ग्रहामागून ग्रह जोडत जाणाऱ्या मार्गांचे रीतसर गणित उभे केले आणि यंत्रावर ते चालवून दाखवले. फ्लँड्रोने त्या पसाऱ्यातून नेमके साल आणि नेमकी वाट दाखवली. अभियंत्यांनी यान बांधले. 'मरिनर १०' ५ फेब्रुवारी १९७४ रोजी शुक्राजवळून गेले आणि शुक्राच्या ओढीचा उपयोग करून मार्चमध्ये बुधाला पोचले, तेव्हा कल्पना प्रत्यक्षात उतरली. श्रेयाची वाटणी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसारखी असते. गुंठ्यागुंठ्यावर हक्क सांगितले जातात, आणि खरे पीक मात्र सगळ्यांनी मिळून काढलेले असते.

पण या भांडणात एक मोठी गोष्ट झाकली जाते. हंगामी कामावर आलेल्या एका पोराचे म्हणणे खोडून काढायला वरिष्ठांना एक वाक्य पुरले असते. "तुला सांगितले तेवढे कर." हे वाक्य पॅसाडेनात कोणी उच्चारले नाही, किंवा उच्चारले असल्यास त्या पोराने ऐकले नाही. व्हॉयेजरचा मार्ग मोकळा झाला तो तेथे.

आपल्याकडचे उमेदवार

आपल्याकडेही अंतराळ संशोधनाची सुरुवात अशाच उमेदवारांनी झाली. डॉ. विक्रम साराभाईंनी १९४७मध्ये अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा काढली. प्रमोद काळे यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण बडोद्याचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून ते १९६०मध्ये बी.एस्सी. झाले. एम.एस्सी. करत असतानाच साराभाईंच्या प्रयोगशाळेत काम करून त्यांनी अंतराळविद्येचा अनुभव मिळवला. तेव्हा इस्रो नव्हती. ती १९६९मध्ये आली. थुंब्याला अग्निबाणतळ व्हायचा होता. ज्या मोजक्या तरुणांना १९६०च्या दशकाच्या आरंभी नासाकडे प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले, त्यांत काळे होते. पुढे ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्यांच्या आधी हेच पद पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांनी सांभाळले होते. थुंब्याची जागा निवडण्याच्या कामात मोठा वाटा होता तो कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा. महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी मुलगा, गुजरातेतली प्रयोगशाळा आणि केरळच्या किनाऱ्यावरचे काम. काळे यांच्या या प्रवासात भाषेची अडचण आली नाही, कारण तेथे तिची गरज होती ती काम समजावून घेण्यापुरती.

आज दारे अधिक आहेत, पण प्रत्येक दाराला उंबरा आहे. नासाच्या उन्हाळी कामासाठी सर्वसाधारणपणे अमेरिकेचे नागरिकत्व लागते. म्हणून ते आपल्या तिकडे स्थायिक झालेल्या नातवंडांसाठी, इथल्या मुलांसाठी नव्हे. तिथे आजही विलक्षण गोष्टी घडतात. २०१९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातला सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा नासाच्या गोडार्ड केंद्रात कामाला लागला. दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी तपासणे, हे त्याचे काम. तिसऱ्याच दिवशी त्याला एका जोडताऱ्याच्या प्रकाशात पडलेली खोच दिसली. ती होती दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या एका नव्या ग्रहाची सावली.

आपल्या इस्रोने २०१९मध्ये नववीच्या मुलांसाठी 'युविका' हा उपक्रम सुरू केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे मुले इस्रोच्या केंद्रात राहतात. प्रत्येक राज्यातून मुले घेतली जातात. आठवीच्या गुणांबरोबर विज्ञान प्रदर्शन, प्रश्नमंजूषा यांचाही विचार होतो आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना निवडीत जादा गुण असतात. पदवीच्या मुलांना प्रकल्पासाठी इस्रोच्या केंद्रांकडे अर्ज करता येतो. ही नोकरी नव्हे आणि पगाराची अपेक्षा धरू नये. पण दार आहे, आणि ते सीमेच्या या बाजूला जितके उघडे आहे तितकेच त्या बाजूला.

अर्जात काय लिहावे

सीमाभागातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षांहून अधिक काळ भौतिकशास्त्र शिकवले. मुलांच्या किती अर्जांवर सह्या केल्या असतील, याचा हिशेब नाही. त्यांतले बहुतेक अर्ज एकाच साच्यातले. 'मी होतकरू आहे, मला विज्ञानाची आवड आहे, माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.' इंग्रजी शुद्ध, अक्षर सुरेख, सोबत गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. आणि मुलगा कोण, हे मात्र कुठेच नाही. आपल्या जुन्या उमेदवाराची नकलेची सवय अजून गेलेली नाही, असे मला नेहमी वाटे.

१९९०च्या दशकातली एक विद्यार्थिनी मला आठवते. घरी ऊस आणि दोन म्हशी. शाळा मराठी, शेजार कानडी, आणि इंग्रजीत बोलायचे म्हटले की तिचा आवाज बसायचा. एका सरकारी संस्थेकडे तिने उन्हाळी कामासाठी असाच साच्यातला अर्ज केला. त्याला उत्तर आले नाही, पोचही आली नाही. तिच्या घरी सगळे म्हणाले, "वशिला असल्याशिवाय तिथे कोण विचारतो?" तिलाही ते पटू लागले होते.

मी तिला विचारले, तुला स्वतःला कोणता प्रश्न पडला आहे? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "सर, आमच्या रेडिओवर दिवसा धारवाड लागतं, पण रात्री मुंबई, हैदराबाद, मद्रास कुठून कुठून ऐकू येतं. असं का?" कारण मी तेव्हाच सांगू शकलो असतो. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर असतात. दिवसा त्यांतला खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन लहरी दूरवर पोचतात. पण मी एवढेच म्हणालो की दोन महिने वही ठेव. रोज कोणते केंद्र किती वाजता ऐकू येऊ लागले ते लिही, आणि आकाश कसे होते तेही.

तिने ती वही ठेवली. आई स्वयंपाक करताना गाणी ऐकायची आणि ही मधेच काटा फिरवायची, म्हणून घरात कुरबुरीही झाल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेकडे अर्ज गेला. त्यात स्वतःबद्दल तीन ओळी होत्या, मग प्रश्न, मग वहीतला तक्ता, आणि शेवटी, 'याचे कारण मी पुस्तकात वाचले आहे, पण माझ्या तक्त्यातल्या अकरा रात्री त्या कारणाशी जुळत नाहीत.' इंग्रजीत दोन चुका होत्या. त्या मी तशाच राहू दिल्या. तीन आठवड्यांनी पत्र आले. त्यात अकरा रात्रींच्या तारखा विचारल्या होत्या आणि उन्हाळ्यात सहा आठवडे येण्याचे बोलावणे होते.

ती पुढे फार मोठी शास्त्रज्ञ झाली, असे सांगितले तर गोष्ट गोड होईल. ती शिक्षिका झाली. तिच्या शाळेतली मुले पावसाचे मोजमाप ठेवतात आणि प्रश्न विचारताना घाबरत नाहीत. मला हे कमी वाटत नाही.

आपल्या घरांत मुलांच्या भवितव्याची बोलणी निघाली की तीन गोष्टींची चिंता होते. मार्क, इंग्रजी आणि ओळख. तिन्ही लागतात, हे मी नाकारत नाही. मिनोविच आणि फ्लँड्रो काही अंगठाबहाद्दर नव्हते. त्यांना त्यांचे गणित चोख येत होते. पण तेवढ्या गुणांची मुले त्या उन्हाळ्यात तिथे आणखीही असणार. या दोघांनी दिलेले काम पुरे केले आणि मग त्या कामाला एक प्रश्न विचारला, हा फरक. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना तर याची सवय जन्मतःच असते. एकाच वस्तूला शेजारच्या घरात वेगळे नाव आहे हे कळले की 'असे का?' हा प्रश्न आपोआप पडतो. आपण मोठी माणसे तो 'गप्प बस' म्हणून मिटवतो.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत घरातला मुलगा किंवा मुलगी कसल्याशा अर्जावर मान मोडून बसलेली दिसली, तर गुणपत्रिका मागण्याआधी एवढेच विचारून पाहावे, की तुला यातून शोधायचे काय आहे? उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. वही मात्र घेऊन द्यावी.